तारीख आणि तिच्यामागची साखळी



उबुंटू या लिनक्स वितरणाच्या आवृत्तीच्या आकड्यातच तारीख असते. 24.04 म्हणजे 2024 सालचा एप्रिल. दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी आवृत्ती, हा वायदा 2004 च्या ऑक्टोबरपासून चालत आला आहे. 2006 मध्ये तो एकदा हुकला. काम पक्कं करायला सहा आठवडे जास्त लागले आणि 6.04 ऐवजी 6.06 आली. झालेला उशीर तिच्या कपाळावर कायमचा गोंदला गेला.

डेबियन या दुसऱ्या वितरणाची तऱ्हा उलटी. ‘तयार झाली की येईल’ हे तिथलं ठरलेलं उत्तर. त्याची वुडी ही आवृत्ती 2002 च्या जुलैत आली. पुढच्या सार्जसाठी 2005 चा जून उजाडला. गंमत म्हणजे घड्याळ लावून चालणारी उबुंटू उभी आहे ती या बिनघाईच्या डेबियनच्या पॅकेजांवरच.

2024 च्या मार्चअखेरीस आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर कामगिरीची मोजमापं घेत होते. मूळचे ते पोस्टग्रेस डेटाबेसवाले. दूरच्या संगणकावर एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त जातोय, एवढंच त्यांना खटकलं. शोध घेता घेता ते एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या लायब्ररीपाशी पोचले. तिच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता.

एसएसएचचा एक्सझेडशी संबंध काय? थेट काहीच नाही. पण डेबियनने एसएसएचला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीला एक्सझेड लागत होतं. पाहुण्याच्या पाहुण्याने घरात शिरावं, तसा हा शिरकाव.

एक्सझेड अनेक वर्षं एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे भुणभुण लावली: कामं तुंबलीत, नवा मेंटेनर नेमा. नंतर ज्याच्या हाती किल्ल्या आल्या, त्यानेच घात केला. ती तक्रार करणारी नावंही बनावट असावीत, असा तपास करणाऱ्यांचा कयास आहे. मग 2024 मध्ये ही नवी आवृत्ती लवकर घ्या, असा तगादा वितरणांकडे सुरू झाला. ‘रिलीज कधी?’ हा रोजचा, निरुपद्रवी वाटणारा प्रश्न इथे हत्यार म्हणून वापरला गेला.

उबुंटू 24.04 ची बीटा 4 एप्रिलला यायची होती. चोरदरवाजा उघडकीस आल्यावर फेब्रुवारीअखेरीपासून बांधलेली पॅकेजं बाजूला सारून ती कोऱ्या यंत्रणेवर पुन्हा बांधायची ठरली. बीटा 11 एप्रिलला आली. अंतिम आवृत्ती मात्र ठरल्याप्रमाणे 25 एप्रिललाच. वेळापत्रकात थोडी सैल जागा होती आणि आठवडा घालवायला कुणी कचरलं नाही, म्हणून हे जमलं.

डिपेंडन्सी, म्हणजे दुसऱ्याच्या कोडवरचं अवलंबन, तुटायला घातपातच लागतो असंही नाही. 2016 च्या मार्चमध्ये एका लेखकाने रागाने आपली पॅकेजं एनपीएम या पॅकेज-भांडारावरून काढून घेतली. त्यांतलं लेफ्ट-पॅड जेमतेम 11 ओळींचं, पण त्याच्यावाचून जगभरचे बिल्ड अडले.

म्हणून या संमेलनापुढे एक सूचना. रिलीजच्या वेळापत्रकात तारखेशेजारी आणखी एक रकाना आखावा: या तारखेसाठी कोणाकोणाचा कोड लागतो, आणि त्यांतल्या कितीजणांना त्याचे पैसे मिळतात. मराठी मंडळींनी सुरुवात हार्फबझपासून करावी. अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्ये ‘तऱ्हा’तलं जोडाक्षर नीट जुळवण्याचं काम तीच मुक्त लायब्ररी करते.