गाडी निवडताना आपली गल्ली मोजा



दसरा-दिवाळी किंवा गुढीपाडवा जवळ आला की आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात घरोघरी एक चर्चा सुरू होते. नवी गाडी घ्यायची, पण कोणती? आज मला बोलायचं आहे मध्यम आकाराच्या सेडानविषयी, म्हणजे मागे स्वतंत्र डिकी असलेल्या, पाच माणसांच्या घरगुती गाडीविषयी. उंच एसयूव्हीची सध्या इतकी चलती आहे की सेडानचं नावही अनेक घरांत निघत नाही. मारुतीची सियाझ २०१४ साली आली आणि २०२५मध्ये बंदही झाली. तरीही सेडान विचारात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. फक्त ती शोरूममधल्या रंगीत पत्रकावरून निवडू नये. टचस्क्रीन किती इंचांचा, सनरूफ आहे का, हे तिथे मोठ्या अक्षरांत असतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या घराला ज्या गोष्टींनी रोज फरक पडणार आहे, त्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात, नाहीतर नसतातच.

पहिली गोष्ट आपली गल्ली. उल्हासनगर गाड्यांसाठी वसवलेलं शहर नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत पुढे घरं झाली, दुकानं झाली, जीन्सचे कारखाने आले, मग इमारती आल्या. आजही कॅम्प पाचच्या कित्येक गल्ल्यांत समोरून माल भरलेला टेम्पो आला की दोघांपैकी एकाला मागे सरकावं लागतं.

आता गाड्यांची मापं ऐका. होंडा सिटी ४,५८३ मिलिमीटर लांब, फोक्सवॅगन व्हर्टस ४,५६१, स्कोडा स्लाव्हिया ४,५४१, ह्युंदाई व्हर्ना ४,५३५. चौघींत सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड यांच्यातला फरक पाच सेंटिमीटरही नाही. म्हणजे या चौघींपैकी एक निवडताना लांबी मोजत बसू नका, पण यांपैकी कुठलीही घ्यायची की नाही हे मात्र लांबीवरच ठरवा. छोटी सेडान डिझायर ३,९९५ मिलिमीटरची आहे, म्हणजे अर्ध्या मीटरहून अधिक आखूड. इमारतीखालच्या दोन खांबांमध्ये गाडी लावणाऱ्याला हा अर्धा मीटर फार मोठा असतो. रुंदीही पाहा. व्हर्ना १,७६५ मिलिमीटर, सिटी १,७४८, आणि ही मापं आरसे सोडून आहेत. शिवाय दार पूर्ण उघडून आजीला उतरता आलं पाहिजे. तेव्हा शोरूमला जाण्याआधी टेप घेऊन खाली उतरा आणि पार्किंगची जागा मोजा. जागा पाच मीटरहून कमी असेल तर आग्रह धरू नका. डिझायर, ऑरा किंवा अमेझ घ्या.

त्या छोट्या सेडानवर करही कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो. आज मी ज्या चौघींविषयी बोलतो आहे त्यांना ४० टक्के. त्या पूर्वी ४५ टक्क्यांत होत्या, तेव्हा त्यांनाही थोडा दिलासा मिळाला, पण दरी मोठीच राहिली. आणखी एक फरक असा की डिझायर आणि ऑरा कंपनीच्या सीएनजीसह मिळतात, या चौघींत कंपनीचं सीएनजी नाही आणि आता डिझेलही नाही. रोज अंबरनाथहून ठाण्याला गाडीनं जाणाऱ्या माणसानं हे आधी समजून घ्यावं.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही तुलना करावीच लागत नसे. ॲम्बॅसडर किंवा फियाट, एवढीच निवड होती, आणि नंबर लागेपर्यंत वर्षं जात. आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर, कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीत ती फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तयार होत असे. नव्वदीच्या दशकात याच कंपनीनं फ्रेंच प्यूजोबरोबर आपल्या कल्याणला ३०९ ही गाडी बनवली, पण तो संसार काही वर्षांतच मोडला. जानेवारी १९९८मध्ये होंडा सिटी आली आणि मध्यमवर्गाच्या मनातली चांगली गाडी म्हणजे सेडान, असं समीकरण पक्कं झालं. आजच्या चौघींपैकी स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोघी पुण्याजवळ चाकणला एकाच कारखान्यात तयार होतात. त्यांचं इंजिन, सांगाडा आणि ५२१ लिटरची डिकी, सगळं सारखंच आहे. म्हणून त्या दोघींत रात्र रात्र खल करू नका. जिचं सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे आणि जिथे भाव चांगला मिळतो, ती घ्या.

सेडानवर एक आक्षेप हमखास येतो, की ती खालून घासते. तो खरा आहे, पण अर्धाच तपासला जातो. जमिनीपासूनची उंची सिटीची १६५ मिलिमीटर आहे, स्लाव्हिया-व्हर्टसची १७९. हे माप रिकाम्या गाडीचं. टेस्ट ड्राइव्हला आपण एकटे जातो, शेजारी शोरूमचा मुलगा असतो, आणि गाडी काही घासत नाही. घरची पाच माणसं बसली, डिकीत गावचं सामान भरलं, की मागची बाजू खाली येते आणि आपल्याकडचे हातानं घातलेले उंच गतिरोधक पोटाला लागतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हला सगळं घर न्या. आपल्या गल्लीतल्या सगळ्यांत वाईट गतिरोधकावरून गाडी तिरकी न करता, सरळ घेऊन बघा.

याच फेरीत आजी-आजोबांचंही कळेल. सेडानची सीट खाली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसणं सोपं जातं पण उठणं अवघड. आजींना नेसत्या नऊवारीत किंवा सहावारीत, कुणाचा हात न धरता, दोनदा बसून उतरू द्या. मागे तिघं मोठी माणसं नेहमी बसणार असतील तर सिटी आणि व्हर्ना मला अधिक मोकळ्या वाटतात. स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये मधल्या माणसाचे पाय अवघडतात.

आता पाण्याविषयी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरातून वाहते आणि पुढे उल्हास नदीला मिळते. २६ जुलै २००५चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. अशा पट्ट्यात राहणाऱ्यानं दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. इंजिन हवा ओढतं. त्या वाटेनं पाणी आत गेलं की ते सिलिंडरमध्ये हवेसारखं दाबलं जात नाही, आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. त्यामुळे पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, बटण दाबू नका. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिक बोलवा. दुसरी गोष्ट विम्याची. साध्या सर्वसमावेशक विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण बुडालेलं इंजिन चालू करायला जाऊन झालेली मोडतोड सहसा नाकारली जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. कॅम्प पाचमधल्या गाडीला ती हवीच. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचे दोन भाव मागवा.

गिअरबॉक्स हा भाग विक्रेते फार भरभर उरकतात. आपली गाडी बहुतेक वेळ कल्याण-बदलापूर रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणार आहे. सिटीतला सीव्हीटी आणि टर्बो नसलेल्या व्हर्नातला त्याच जातीचा ऑटोमॅटिक या रांगण्यात मऊ चालतात. स्लाव्हिया-व्हर्टसच्या एक लिटर इंजिनाबरोबर टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळतो, तोही ट्रॅफिकला चांगला. टर्बो व्हर्नात आणि दीड लिटरच्या स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स येतो. मोकळ्या रस्त्यावर तो सुरेख, पण सतत थांबत-सरकत चालवलं की त्याचे क्लच तापतात. माझ्या मते आपल्या पट्ट्यात तो टाळावा.

घाटाची गोष्ट वेगळी. शहाडवरून मुरबाड आणि तिथून माळशेज, ही वाट आपल्याकडची बरीच कुटुंबं करतात. भरलेल्या गाडीनं चढावर ट्रक ओलांडायचा तर कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ लागते. सिटीच्या दीड लिटर इंजिनाची ओढ १४५ न्यूटन-मीटर आहे, स्लाव्हियाच्या एक लिटर टर्बोची १७८. फरक लहान दिसतो, पण चढावर पायाला तो जाणवतो.

सुरक्षिततेत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या तिघींना २०२३मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. मात्र त्याच चाचणीत व्हर्नाचा सांगाडा अस्थिर ठरला आणि स्लाव्हिया-व्हर्टसचा स्थिर. तारे सारखे असले तरी हा फरक माझ्यासाठी मोठा आहे.

पैशांचं थोडक्यात सांगतो. भाव विचारताना नेहमी ऑन-रोड विचारा आणि तो लेखी घ्या. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहन कर आहे, म्हणजे १४ लाखांच्या गाडीवर १ लाख ६८ हजार. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, २ लाख ८० हजार. आपल्याकडचे व्यापारी बांधव पुष्कळदा कंपनीच्या नावानं गाडी घेतात, त्यांनी आपल्या सीएला हा फरक आधी मांडायला सांगावा. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापला जातो, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. त्याची पावती हरवू नका.

माझं मत विचाराल तर चार माणसांच्या घरानं स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं एक लिटर इंजिन घ्यावं, जमिनीपासूनच्या उंचीसाठी आणि स्थिर सांगाड्यासाठी. पाच मोठी माणसं कायम एकत्र फिरणार असतील तर सिटी. पार्किंग आखूड असेल किंवा रोजचं चालणं फार असेल तर सीएनजीची डिझायर, जिला २०२४मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले आहेत. फक्त सिलिंडरमुळे डिकी जवळजवळ जाते, हे धरून चला.

आणि बुकिंगची रक्कम भरण्याआधी टेस्ट ड्राइव्हची गाडी आपल्या दारात मागवा. ती आपल्या गल्लीत वळवा, आपल्या खांबांमध्ये लावा, घरच्या सगळ्यांना बसवा. शोरूम दारात गाडी पाठवायला तयार नसेल, तर दुसऱ्या शोरूमला फोन करा.