संगणकांची सांथ

ता. २७ जून २०१७ चा दिवस. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें बंदरालगत मेर्स्क या जहाज-कंपनीची मुख्य कचेरी आहे. त्या दिवशीं दुपारीं तेथील नोकर आपापले संगणक बगलेंत मारून दुरुस्ती-विभागाच्या दाराशीं गोळा होऊं लागले. कोणाच्या पडद्यावर ‘आंतील साठ्याची दुरुस्ती चालू आहे, यंत्र बंद करूं नये’ अशी सूचना उमटली होती. कोणाच्या पडद्यावर तीनशें डॉलरांची खंडणी मागणारा मजकूर होता, आणि तीहि बिटकॉइन या नव्या चलनांत भरावयाची. लोक एकमेकांना हें नवल दाखवीत आहेत, इतक्यांत शेजारच्या दालनांतील पडदे एकामागून एक काळे पडत गेले.

ही कंपनी म्हणजे एखादी साधी पेढी नव्हे. जगांतील समुद्रमार्गें होणाऱ्या मालवाहतुकीच्या सामर्थ्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा तिच्या हातीं होता. दर पंधरा मिनिटांना तिचें एखादें जहाज जगांतील कोठल्या तरी बंदरांत शिरतें, असें तिच्या अध्यक्षांनीं पुढें जाहीर सभेंत सांगितलें. अशा संस्थेचे सारे डोळे एका दुपारीं मिटले.

संगणकाचा विषाणु हा सजीव जंतु नव्हे, हें आतां शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. ती माणसानेंच रचलेली आज्ञांची मालिका. ती स्वतःच्या प्रती काढते आणि एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरते. या विषाणूस पुढें ‘नॉटपेट्या’ असें नांव पडलें. ‘पेट्या’ नांवाचा खंडणीखोर विषाणु २०१६ सालापासून परिचित होता. हाहि तोच असावा असें प्रथम वाटलें, आणि हा तो नव्हे असें कळल्यावर नकारासह तेंच नांव कायम झालें.

त्याचा उगम युक्रेन देशांत झाला. तेथील व्यापारी करभरणा आणि हिशेब यांसाठीं ‘एम.ई.डॉक’ नांवाची प्रणाली सर्रास वापरीत. तिच्या सुधारणा वेळोवेळीं तारेवरून आपोआप येत. हल्लेखोरांनीं या सुधारणा पाठविणारें मूळ यंत्रच ताब्यांत घेतलें आणि औषधाच्या बाटलींतून विष पाठवावें तसा विषाणु घरोघर पोहोंचविला. मेर्स्कच्या ओडेसा येथील कचेरींत ही प्रणाली केवळ एका संगणकावर बसविलेली होती. तेवढी एक फट पुरेशी झाली.

पसरण्यासाठीं त्याच्यापाशीं दोन किल्ल्या होत्या. पहिली किल्ली मुळांत अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें स्वतःच्या हेरगिरीसाठीं घडविलेली. ती चोरीस जाऊन एप्रिल २०१७ मध्यें चव्हाट्यावर आली. त्या भगदाडावरील ठिगळ मायक्रोसॉफ्टनें मार्च महिन्यांतच दिलें होतें. पण दुसरी किल्ली अधिक कावेबाज होती. यंत्राच्या स्मृतींत रेंगाळलेले परवलीचे शब्द ती उचली आणि त्यांच्या बळावर शेजारच्या यंत्रांत राजरोस प्रवेश करी. म्हणून ज्यांनीं वेळेवर ठिगळ लावलें, त्यांचींहि यंत्रें बुडालीं. ज्यांनीं कर्तव्य केलें त्यांनाहि ज्यांनीं केलें नाहीं त्यांच्या रांगेंत बसावें लागलें, ही गोष्ट मनाला विशेष लागते.

खंडणीची मागणी तर निव्वळ देखावा होता. पैसे भरल्याचें कळविण्यासाठीं दिलेला पत्ता त्या जर्मन टपाल-संस्थेनें त्याच दिवशीं बंद केला. आणि तो चालू असता तरी उपयोग नव्हता, कारण कुलूप उघडण्याची सोयच हल्लेखोरांनीं ठेवलेली नव्हती. रोग्यापाशीं पैसे मागावे आणि औषध मुळींच बनवूं नये, असा तो प्रकार. हेतु लुटीचा नव्हता, नाशाचा होता.

कोपनहेगनमध्यें मग एकच धांवपळ उडाली. नोकर सभागृहांत शिरून चालू बैठकींत यंत्रांच्या तारा उपटूं लागले. कचेरींतील दारें ओळखपत्र दाखवून उघडणारीं. तींहि बंद पडल्यामुळें कित्येकजण अडसरांवरून उड्या मारून पलीकडे गेले. जगभर पसरलेलें सारें जाळें तोडण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. टेबलावरील दूरध्वनि त्याच जाळ्यावर चालत असल्यामुळें तेहि मुके झाले. अखेर सर्वांना यंत्रें बंद करून घरीं जाण्यास सांगण्यांत आलें.

इकडे बंदरांवर अनर्थ झाला. कंपनीच्या ताब्यांतील शहात्तर धक्क्यांपैकीं सतरा बंद पडले. जहाजें धक्क्याशीं उभीं, याऱ्या उभ्या. परंतु कोणत्या पेटींत काय आहे व ती कोठें जावयाची, हें कोणासच सांगतां येईना. न्यू जर्सीमधील एलिझाबेथ बंदराच्या फाटकाबाहेर शेंकडों मालमोटारींची रांग लागली. रॉटरडॅमची तीच गत. आणि मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे न्हावा शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदरांतील जो धक्का याच कंपनीची शाखा चालवीत होती, त्याचेंहि काम ठप्प झालें. यंत्रांचें काम माणसांनीं हातानें करून पाहण्याची पाळी आली. ओडेसाच्या एका हिशेबनिसाच्या टेबलावरील रोग उरणच्या किनाऱ्याला असा येऊन भिडला.

रोगनिवारणाचें केंद्र इंग्लंडमध्यें मेडनहेड या गांवीं उघडण्यांत आलें. तेथें रात्रंदिवस राबणाऱ्यांची संख्या पुढें सहाशेंपर्यंत गेली. लोक जागेवरच झोंप घेत आणि उठून पुन्हां कामास लागत. तेथील पहिला नियम असा कीं, सांथीपूर्वीं वापरलेलें एकहि यंत्र आंत आणावयाचें नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत गांठीच्या तापाची सांथ आली, तेव्हां घरें रिकामीं करवून कपडेलत्ते जाळल्याच्या हकीकती पूर्वींच्या पिढीनें सांगितलेल्या आहेत. मेडनहेडचा नियम त्याच जातीचा होता. गांवांतील दुकानांतून नवे कोरे संगणक मिळतील तितके विकत आणण्यांत आले.

आतां खरी अडचण उभी राहिली. कंपनीच्या बहुतेक मोठ्या यंत्रांतील माहितीच्या तीन ते सात दिवसांपूर्वींच्या प्रती निराळ्या ठेवलेल्या सांपडल्या. परंतु एका प्रकारच्या यंत्रांची प्रत कोठेंच नव्हती. या यंत्रांना ‘डोमेन कंट्रोलर’ म्हणतात. शाळेंत जसें जनरल रजिस्टर, तसें हें यंत्र: कोण नोकर, कोणाचा, त्याला कोणत्या दालनांत शिरण्याचा अधिकार, ही सारी नोंद त्यांत. तें नसेल तर बाकीचीं यंत्रें सुधारूनहि कोणास कांहीं उघडतां येत नाहीं. अशीं सुमारें दीडशें यंत्रें जगभर होतीं आणि प्रत्येक यंत्र इतरांशीं सतत आपली नोंद जुळवून घेई. एक गेलें तरी एकशें एकोणपन्नास आहेतच, ही त्यामागची कल्पना. सगळीं एकाच तासांत जातील, हा विचार कोणाच्या मनांत आला नव्हता. दीडशें वह्या एकाच फडताळांत ठेवल्या होत्या, असेंच म्हणावें लागेल.

मेडनहेडहून जगांतील कचेऱ्यांना एकामागून एक विचारणा सुरू झाली. सगळीकडून एकच उत्तर येई. अखेर पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांतून बातमी आली कीं, तेथील यंत्र शाबूत आहे. त्याला कोणाची दक्षता कारण झाली नव्हती. सांथ येण्यापूर्वींच तेथील वीज गेली होती आणि यंत्र जाळ्याबाहेर फेकलें गेलें होतें. खेड्यापाड्यांतील माणूस ज्या वीज जाण्याच्या नांवानें रोज बोटें मोडतो, त्याच अडचणीनें या अवाढव्य कंपनीची एकुलती एक वही वांचविली.

वही सांपडली; ती इंग्लंडांत न्यावयाची कशी? घानामधील तार इतकी मंद कीं, शेंकडों गिगाबाइटांचा तो साठा पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. तेव्हां तेथील माणसानेंच तबकडी घेऊन विमानानें यावें असें ठरलें. परंतु तेथील एकाहि नोकरापाशीं ब्रिटनमध्यें शिरण्याचा परवाना नव्हता! मग टप्प्याटप्प्यानें टपाल नेणाऱ्या जुन्या जासुदांची रीत कामास आली. घानाचा नोकर विमानानें नायजेरियास गेला. तेथील विमानतळावर दुसऱ्या नोकराच्या हातीं त्यानें ती तबकडी दिली. आणि तो दुसरा साडेसहा तासांचा प्रवास करून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरला. जें काम विजेच्या वेगानें व्हावयाचें, तें माणसाच्या हातांतून असें पार पडलें.

पुढील उभारणी नेटानें झाली. कांहीं दिवसांतच जहाजांवरील नोंदी पुन्हां वाचतां येऊं लागल्या. अध्यक्षांनीं जानेवारी २०१८ मध्यें दावोस येथें सांगितल्याप्रमाणें चार हजार मोठीं यंत्रें, पंचेचाळीस हजार संगणक आणि अडीच हजार प्रणाली दहा दिवसांत नव्यानें बसविण्यांत आल्या. त्या काळांत नोकर स्वतःच्या खाजगी पत्रपेट्या आणि व्हॉट्सॲप वापरून मागण्या घेत होते, कागदावर टिपणें करीत होते. मालवाहतूक फक्त वीस टक्क्यांनीं घटली. कंपनीनें आपलें नुकसान पंचवीस ते तीस कोटि डॉलर धरलें. जगभरच्या नुकसानीचा अमेरिकन सरकारचा अंदाज एक हजार कोटि डॉलरांहून अधिक होता.

फेब्रुवारी २०१८ मध्यें ब्रिटन आणि अमेरिका यांनीं या कृत्याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला. रशियानें तो नाकारला. ऑक्टोबर २०२० मध्यें अमेरिकेनें रशियन लष्करी हेरखात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र काढलें.

कोपनहेगनच्या कचेरींत जवळजवळ दोन आठवड्यांनीं बहुतेकांना आपले संगणक परत मिळूं लागले. ते धुवून पुसून स्वच्छ केलेले होते. लोकांनीं उत्सुकतेनें ते उघडले. वर्षानुवर्षांचीं टिपणें, ओळखीच्या माणसांचे पत्ते, मुलाबाळांचीं छायाचित्रें, यांतील कांहींहि आंत उरलेलें नव्हतें.