बगला बगच म्हणा



कॉम्प्युटर रुसला की आपण मराठीतही सहज म्हणतो, "काहीतरी बग आहे." बग म्हणजे किडा. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला, तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. शब्द तिथूनच आला, असं पुष्कळ जण सांगतात. पण एडिसनने १८७८ सालच्या पत्रातच यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना 'बग' म्हटलेलं आहे!

आता आपल्या इथलंच बघा. पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रणालीत बग होते, हिशेबात खोटी तूट दिसायची. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक सब-पोस्टमास्तर दोषी ठरले. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रा यांना २०१० साली गरोदरपणी तुरुंगात जावं लागलं.

२०१३ साली पोस्ट ऑफिसच्या प्रमुख पॉला वेनेल्स यांनी 'बग'साठी सौम्य शब्द आपल्या यजमानांना विचारला. त्यांनी सुचवले 'एक्सेप्शन' आणि 'अ‍ॅनॉमली', म्हणजे अपवाद आणि विसंगती! डिसेंबर २०१९मध्ये हायकोर्टाने मात्र बग, चुका आणि दोष असल्याचं स्पष्ट सांगितलं. २०२१ साली सीमाताई निर्दोष ठरल्या.

आपल्यातले कितीतरी जण आयटीत आहेत. त्यांना एवढंच सांगणं, की रिपोर्ट लिहिताना बगला बगच म्हणा. यंत्राचा दोष शब्दाआड लपला, की तो गरीब माणसाच्या माथी बसतो.