परिचारिकेचे स्थान



वकील, डॉक्टर, अभियंता, शिक्षक अशी व्यवसायांची उतरंड आपण मनाशी रचीत असतो. तीत परिचारिकेला कोठे बसवावे असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: ‘तो व्यवसाय कसला, ती तर थोर सेवा!’ उत्तर गोड आहे, पण त्यात मूळ प्रश्न टाळला जातो. सेवा ही वृत्ती झाली. व्यवसायाला स्वतःचे ज्ञान आणि स्वतःची जबाबदारी लागते. ती परिचारिकेजवळ आहे काय, हे आज पाहू.

कॅसलरॉक ज्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील एका मुलीची हकीकत येथे बोलकी ठरेल. होन्नावरजवळच्या हळदीपूरची अरुणा शानभाग मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी तिचा अंत झाला. मधली साडेएकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी, एका पिढीमागून दुसऱ्या पिढीने, तिला सांभाळले.

तिला बरे करण्याचे औषध नव्हते. होती ती केवळ शुश्रूषा. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाडांवरची त्वचा दाबली जाते, तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होतात. ते चिघळले तर प्राणावर बेतते. वेळोवेळी कूस बदलणे, त्वचा कोरडी राखणे, ठसका न लागू देता मऊ अन्न भरविणे, बारीकसा बदलही टिपणे, हे केवळ दयेने साधत नाही. त्याला शिक्षण आणि शिस्त लागते. इतक्या वर्षांत अरुणाला शय्याव्रण झाले नाहीत, ही त्या विद्येची परीक्षाच होय.

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला मरण येऊ देण्याची मागणी करणारी याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार तिची अहोरात्र काळजी घेणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. जीवनमरणाच्या प्रश्नात ज्यांचा शब्द मोलाचा ठरतो, त्यांना नुसते मदतनीस कसे म्हणावे?

मात्र याच हकीकतीला दुसरी बाजू आहे. १९७३ च्या त्या हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांना सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या चांगल्या परिस्थितीसाठी संप करावा लागला. दुसऱ्याचा जीव राखणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या जिवासाठी झगडावे लागावे, हे समाजाला भूषणावह नाही.

आपण परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतो. रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनींची आठवण या शब्दात आहे. परंतु मठातील भगिनीने संसार सोडलेला असतो. परिचारिकेला तो चालवावयाचा असतो. तिलाही घरभाडे आहे, मुलांची फी आहे, रात्रपाळी संपवून सुखरूप घरी पोहोचावयाचे आहे. व्रताचा गौरव करावा आणि वेतनात हात आखडता घ्यावा, हा न्याय नव्हे.

तेव्हा तिला उतरंडीत वर बसवावे की खाली, हा वाद सोडून देऊ. डॉक्टर रोगाचे निदान करतो, उपचार ठरवितो आणि पुढच्या रोग्याकडे वळतो. रात्रभर उशाशी जागते ती परिचारिका. दोघांचे काम निराळे आहे, पण एकाचे दुसऱ्यावाचून अडते. तिच्या ज्ञानाला मान, श्रमाला दाम आणि देहाला संरक्षण मिळाले, म्हणजे तिचे स्थान तिला मिळाले असे म्हणता येईल.