चालायला लागले, हाताचं काय?



परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या फिजिओथेरपीच्या व्यवसायाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी तो दोन वाक्यांत उरकतो. १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात आपलं शिक्षण सुरू झालं तेव्हा समोर पोलिओची मुलं होती. आज गुडघेवाले, कंबरवाले आणि अर्धांगवायूवाले आहेत. यांतल्या शेवटच्यांबद्दल, आणि तेही फक्त त्यांच्या हाताबद्दल, मला बोलायचं आहे.

झटका आला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘वाचतील ना?’ दुसरा, ‘चालतील ना?’ माणूस स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत गेला की घराचा जीव भांड्यात पडतो. रुग्णालयाला खाट रिकामी हवी असते. त्यामुळे आपला वेळ बसवण्यात, उभं करण्यात, चालवण्यात जातो आणि हाताच्या वाट्याला उरलीसुरली दहा मिनिटं येतात. मग घरी गेलेले काका चालतात, पण पायजम्याची नाडी काकूंनी बांधायची. काकू असतील तर निऱ्या सुनेने करायच्या, भाकरी तर विसरायचीच. उजवा हात गेलेली किती तरी माणसं पंगतीला जाणं सोडतात, कारण चारचौघांत डाव्या हाताने जेवायचा संकोच वाटतो. आपल्या कागदावर मात्र शेरा असतो: ‘स्वतंत्रपणे चालतात’.

हात मागे पडतो त्याला शरीररचनेचंही कारण आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर हाताचा आणि चेहऱ्याचा प्रदेश मधल्या धमनीवर पोसला जातो, पायाचा मुख्यतः पुढच्या धमनीवर. आणि अडथळा बहुतेक वेळा मधल्या धमनीत येतो. पण हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं संशोधक एडवर्ड टॉब यांनी माकडांवर दाखवलं. एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या तेव्हा माकडाने तो हात वापरणंच सोडलं, हलवण्याची क्षमता शिल्लक असूनही. चांगला हात बांधून ठेवल्यावर ‘मेलेला’ हात कामाला लागला. (टॉब यांच्या सिल्व्हर स्प्रिंगमधल्या प्रयोगशाळेवर १९८१ साली प्राण्यांच्या हालांवरून पोलिसांचा छापा पडला. आपण ज्या ज्ञानावर उभे आहोत त्याची ही किंमतही विद्यार्थ्यांना माहीत असावी.) माणसाचंही तसंच होतं. पहिल्या काही आठवड्यांत दुबळ्या हाताने प्रयत्न केला की पेला सांडतो, घास पडतो, नातवंडं हसतात. चांगला हात पटकन पुढे होतो, आणि दुबळ्या हाताला मांडीवर पडून राहायची सवय लागते.

चांगला हात हातमोज्यात अडकवून दुबळ्याला राबवायची पद्धत यातूनच आली. अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२२ रुग्ण होते, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांतले. दोन आठवडे, जागेपणीच्या बहुतेक वेळात हातमोजा आणि रोज कित्येक तास सराव. आणि फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडतात अशांनाच हे लागू पडतं, हे विसरू नका. ज्याचा हात पूर्ण लुळा आहे त्याचा चांगला हात बांधणं म्हणजे छळ आहे.

आता जरा अडचणीचं बोलतो. संशोधक कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या उपचार केंद्रांत बसून रुग्णाचा हात एका सत्रात प्रत्यक्ष किती वेळा काम करतो ते मोजलं. २००९ साली आलेला आकडा होता सरासरी ३२. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची नवी घडण दिसली, तिथे एका दिवसात शेकडो वेळा तीच हालचाल होत असे. तबलजी ‘धा तिरकिट’चा कायदा रोज बत्तीस वेळा वाजवून मैफलीला बसेल का? आपल्याकडे कोणी असं मोजलं तर काय निघेल, याचा अंदाज या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला आहे.

कारण आपला वेळ जातो कशात? शेकात, करंटमध्ये आणि पुलीत. करंटला माझा विरोध नाही. रुग्ण मनगट उचलायची धडपड करत असताना त्याच स्नायूंना तो मिळाला तर उपयोग होतो, आणि त्याला चांगला पुरावा आहे. पण पट्ट्या चिकटवून, रुग्णाला छताकडे बघत झोपवून, आपण पुढच्या खाटेकडे जायचं, याला उपचार म्हणायला मी तयार नाही. पुलीवर तर माझा रागच आहे. दाराच्या चौकटीला दोरी टांगलेली नाही असं अर्धांगवायूचं घर आपल्याकडे शोधावं लागेल. चांगल्या हाताने ओढून दुबळा हात डोक्यावर न्यायचा. खांद्याचा सांधा आधीच सैल, खवटा साथ देत नाही, आतल्या आत रगडलं जातं. १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासात पुलीवाल्या गटात ६२ टक्के लोकांचा खांदा दुखू लागला. ज्यांचा हात फिजिओथेरपिस्टने स्वतः हलवला त्यांच्यात ८ टक्के. खांदा दुखला की सरावच संपला. चेंडू दाबत बसण्याचंही तेच. मूठ मिटायला क्वचितच मदत लागते, अडतं ते उघडायला.

हाताच्या सरावासाठी यंत्रमानव घेऊ का, असं तरुण दवाखानेवाले विचारतात. ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत, २०१९ साली, यंत्रमानवाचा सराव नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. कर्ज काढण्यापूर्वी तो शोधनिबंध वाचा. त्याच वर्षी लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयातून २२४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला: तीन आठवड्यांत नव्वद तास सराव, बरेचसे रुग्ण झटक्यानंतर वर्ष उलटून गेलेले, आणि तरीही हातात सुधारणा झाली, सहा महिने टिकली. तुलनेला दुसरा गट नव्हता, ही त्यातली उणीव आहे. तरी ‘सहा महिन्यांनंतर काही होत नाही’ हे वाक्य आपण रुग्णाला ज्या सहजतेने ऐकवतो, ती सहजता त्यानंतर शोभत नाही.

उलट खोटी आशाही नको. झटक्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं थोडी उघडतात का, एवढं पाहिलं तरी पुढचा बराच अंदाज येतो. ज्यांची बोटं हलत नाहीत त्यांचं ध्येय वेगळं ठेवावं लागेल: खांदा न दुखणं, तळहात स्वच्छ राहणं, भाकरीची परात दाबून धरण्यापुरता हात उपयोगी पडणं. हे घरच्यांना लवकर, नीट बसवून सांगावं. आपण सांगितलं नाही की कोणी तरी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवतं, आणि त्यावर पैसे जातात.

नव्वद तास आपल्याकडे कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. घरच्यांनी द्यावेत, असं वाटतं. भारतातल्या चौदा रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हेच करून पाहिलं गेलं. घरच्या माणसाला शिकवून घरी पाठवलं. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक नाही, दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांना शिकवू नये, असा अर्थ मी त्यातून काढत नाही. पण दिवसभर स्वयंपाक, शेत, नोकरी सांभाळणाऱ्या सुनेवर आपलं काम ढकलून मोकळं होता येणार नाही, एवढं त्यातून मला नक्की कळतं.

म्हणून एकच मागणी आहे, आणि ती पैशांची नाही. आजपासून केसपेपरवर ‘हाताचे व्यायाम दिले’ असं लिहू नका. आकडा लिहा. पेला उचलून ठेवला, किती वेळा. वाटीतले शेंगदाणे वेचले, किती. बटण लावलं, किती. दर सत्राला. विद्यार्थ्यांनी मोजावं, शिक्षकांनी सही करावी. पुढच्या परिषदेत वेगवेगळ्या गावांचे हे आकडे शेजारी शेजारी मांडू, मग ते कितीही लाजिरवाणे असोत. तक्त्याचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात खोडाखोड करून संध्याकाळपर्यंत परत द्या.