आधीच केलेली खूण म्हणजे आपला होकार नव्हे

(गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर.)



आजचा विषय काहींना रुक्ष वाटेल. फोटोवर काम करण्याचा प्रोग्राम संगणकावर बसवताना त्याच्याबरोबर येणारी बांडगुळे बाहेर कशी ठेवायची, एवढाच तो आहे. पण आपल्या केंद्राच्या संगणकात काय काय असते ते आठवा. मारहाण झालेल्या बाईच्या जखमांचे फोटो, तक्रारीची प्रत, निवाऱ्याला आलेल्या मुलीचा पत्ता. मोर्चाचे छायाचित्र छापताना एखादीचा चेहरा झाकावा लागतो, म्हणून हा प्रोग्राम आपल्याला हवाच. पण ज्या यंत्रात दुसऱ्या बायकांनी विश्वासाने दिलेल्या गोष्टी आहेत, त्यात कोण शिरते आहे हे पाहणे आपले काम आहे.

फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामबरोबर कधी कधी आणखी काही चिकटून येते. ब्राउझरवर बसणारा टूलबार, शोधाचे पान बदलणारे एक्स्टेन्शन, 'संगणक वेगवान करतो' असे सांगणारा प्रोग्राम. अशा प्रत्येक बसवणुकीमागे फाइल वाटणाऱ्याला पैसे मिळतात. म्हणून तो विचारतो, पण विचारल्यासारखे करतो. चौकटीत बरोबरची खूण त्यानेच आधी करून ठेवलेली असते. आपण घाईत 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' दाबत गेलो की त्याच्या लेखी आपला होकार झाला. आणि अशा एक्स्टेन्शनला पुरेशी परवानगी मिळाली, तर आपण ब्राउझरमध्ये उघडलेली पाने ते वाचू शकते, ई-मेलसुद्धा.

'ती गप्प राहिली, म्हणजे तिची संमती होती' हा युक्तिवाद आपण वर्षानुवर्षे खोडत आलो आहोत. इथेही तो खोडला गेला आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने कुकीजबाबतच्या खटल्यात सांगितले की, आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडे २०२३ साली संसदेने केलेल्या वैयक्तिक डेटाविषयीच्या कायद्यातही संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, असे म्हटले आहे. दोन्हीकडचे तत्त्व एकच. पण कायदा आपल्या संगणकाजवळ पहारा देत बसत नाही. तिथे आपल्यालाच वाचावे लागते.

प्रोग्राम चांगला असला म्हणजे पुरत नाही, तो कुठून घेतला हेही पाहावे लागते. 'गिम्प'चेच उदाहरण घ्या. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलेतल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला हा फोटोचा प्रोग्राम पूर्ण मोफत आणि मुक्त आहे. त्याची विंडोजसाठीची फाइल पूर्वी 'सोर्सफोर्ज' या ठिकाणी मिळत असे. तिथल्या फसव्या जाहिराती आणि जादा प्रोग्राम गळ्यात मारणारा इन्स्टॉलर पाहून गिम्पच्या मंडळींनी २०१३ मध्ये ती जागा सोडली. पुढे मे २०१५ मध्ये असे उघड झाले की, सोर्सफोर्जने ते सोडलेले पान स्वतःकडे घेऊन गिम्पभोवती जाहिरातींचे प्रोग्राम गुंडाळून द्यायला सुरुवात केली होती. गिम्पने जाहीर निषेध केला, गवगवा झाला. २०१६ मध्ये सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी ती प्रथा बंद केली. गिम्प तेच, नाव तेच. पण मधल्या हाताने त्यात आपले मिसळले होते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते.

पहिले, प्रोग्राम बनवणाऱ्यांच्याच ठिकाणाहून घ्या. गिम्पसाठी पत्ता 'गिम्प डॉट ऑर्ग'. शोधल्यावर वर दिसणारे पहिले नाव पुष्कळदा जाहिरात असते. पानावर 'डाउनलोड'ची तीन-चार मोठी बटणे दिसली, तर त्यातली बरीचशी जाहिरातीच आहेत असे समजा.

दुसरे, महागड्या प्रोग्रामची 'क्रॅक' केलेली प्रत कोणी पेनड्राइव्हवर आणून दिली तर नको म्हणा. ती कोणी फोडली आणि आत काय घातले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तिसरे, बसवताना 'एक्सप्रेस' किंवा 'रेकमेंडेड' ऐवजी 'कस्टम' निवडा. प्रत्येक पान वाचा, नको त्या खुणा काढा. 'डिक्लाइन' दाबले तर सगळेच रद्द होईल अशी भीती वाटते. बहुतेक वेळा फक्त ती जादा वस्तू नाकारली जाते. आणि सगळेच रद्द झाले, तर तो प्रोग्राम नकोच होता.

चौथे, जादा दिसणारे सगळेच परके नसते. गिम्पच्या 'कस्टमाइझ'मध्ये भाषांतरे, चित्र काढायचे ब्रश असे भाग दिसतात. ते त्याचेच आहेत. हवे तर ठेवा. फोटोच्या कामाशी संबंध नसलेले, दुसऱ्याच नावाचे काही दिसले तर थांबा.

पाचवे, विंडोजमध्ये नकोशा प्रोग्रामना अडवणारी सोय आहे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मधल्या 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मध्ये जा आणि 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे ना पाहा.

काही आधीच शिरले असेल, तर सेटिंग्जमधली प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावा. त्या दिवशी आलेले अनोळखी पाहुणे लगेच दिसतात. ते काढा, ब्राउझरची एक्स्टेन्शने तपासा, सुरुवातीचे पान पूर्ववत करा आणि संगणकाची पूर्ण तपासणी चालवा.

हे काम कॉम्प्युटरवाल्या भाऊंवर किंवा केंद्रातल्या एकाच शिकलेल्या मुलीवर सोडू नका. प्रत्येक केंद्रात दोघींनी मिळून बसावे. एकीने पानावरचा मजकूर मोठ्याने वाचावा, दुसरीने बटण दाबावे. इंग्रजी शब्द अडला तर विचारून घ्यावा, पण न समजता 'ॲक्सेप्ट' दाबू नये. प्रोग्राम अर्ध्या तासाने उशिरा बसला तर काही बिघडत नाही. आपल्याकडे आलेल्या बाईची गोष्ट परक्याच्या हाती गेली, तर मात्र ती परत आणता येत नाही.