घरचे शिक्षण आणि नोंदींची वही



व्यापारी कुटुंबांत कीर्द-खतावणीला पूजेचा मान आहे. दिवाळीचे वहीपूजन त्याच भावनेने होते. ज्या दिवसाचा व्यवहार, त्याच दिवशी त्याची नोंद, ही पेढीवरची शिस्त मुलांना घरी शिकविणाऱ्या कुटुंबांनीही अंगीकारणे अगत्याचे आहे. घरी हजेरीपट नसतो आणि कायद्यानेही तशा नोंदीची रीत घालून दिलेली नाही.

2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयोगटाचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले. त्यासाठीचा 2009 चा शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 10 नुसार पाल्यास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. तथापि ते न केल्यास पालकांना दंडाची तरतूद त्यात नाही. गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेखही नाही. ही संदिग्धता जाणूनच कुटुंबाने निर्णय घ्यावा.

पुढील वाटा मात्र खुल्या आहेत. कलम 4 अन्वये शाळेबाहेरील बालकास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. 1989 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेसाठी 14 वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणी करता येते; ती 5 वर्षे वैध असते. राज्य मंडळाच्या दहावीस 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते. तेथे शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो.

येथेच वहीचे मोल कळते. अभ्यास उत्तम, परंतु कागद अपुरे, असे झाल्यास वर्ष मुलाचे वाया जाते. म्हणून जन्मदाखला, आधार व पूर्वीच्या शाळेचा दाखला एकाच फाईलमध्ये असावेत. नावाचे व आडनावाचे स्पेलिंग सर्वत्र एकच असावे. एका कागदावर ‘शहा’ आणि दुसऱ्यावर ‘शाह’ असेल तर दुरुस्ती वेळीच करून घ्यावी. रोजच्या वहीत तारीख, विषय आणि झालेला पाठ लिहावा. दर महिन्याला लेखी कामाचे दोन-चार नमुने तारखेसह जपावेत. स्पर्धांची व पाठशाळेची प्रमाणपत्रे, परीक्षाशुल्काच्या पावत्या यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात.

आपल्या परंपरेत स्वाध्यायाला तपाचे स्थान आहे. मुलाच्या स्वाध्यायाची साक्ष देणारी वही नीट राखणे, हेही पालकांचे व्रतच होय.